साबणाच्या गोष्टीतलं मांजर

मृणाल,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या माझ्या दवाखान्यात एका लॅब्राडॉरची नखं कापत होतो. फोन डहाणूच्या डॉक्टर राऊतांचा. "सावे, मॅडम गेल्या," एवढंच म्हणाले. आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, सांगू? आता रविवारची बैठक होणार नाही. सुटलो.

मागोमाग बाकीचं सगळं आलं, नाही असं नाही. नख जरा खोल कापलं गेलं, कुत्रं केकाटलं आणि मी रडायला लागलो. मालकाला वाटलं, डॉक्टर नखासाठी रडतोय. "डॉक्टरसाब, इतना भी नहीं कटा," म्हणत तो बिचारा माझीच पाठ थोपटू लागला. बघितलंस? तुझ्या मरणाच्या बातमीतही मला हशाची जागा सापडलीच. पण आधी आलं ते 'सुटलो'च. ते तुला सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आपण एका वर्गातले. गाई-म्हशींवर शिकलो, कुत्रा शेवटच्या प्रकरणांत भेटला आणि मांजर तर परीक्षेला येत नाही म्हणून आपण सोडूनच दिलं होतं. मी सोडलं होतं. तू वाचलं असणार. मग इकडे कारखान्यांत आणि वीजकेंद्राच्या वसाहतींत माणसं आली, त्यांच्याबरोबर पग कुत्रे आले, पर्शियन मांजरं आली आणि आपण दोघंही म्हशी सोडून या मंडळींकडे वळलो. तू पालघरला, मी बोईसरला. एडवणला माझ्या काकांना मी फुशारकीनं सांगितलं, आता मी लहान प्राण्यांचा डॉक्टर. ते म्हणाले, "लान जनावरांचा डाक्टर म्हंजे काय रं? उंदरांना सुया टोचतंस का काय? आमची म्हस मरतेय ती कोन बघनार?" ही गोष्ट मी कुठं कुठं सांगितली असेन! तू मात्र पहिल्यांदा ऐकल्यावर विचारलं होतंस, "मग म्हशीचं काय झालं?"

तुझी ही खोडच होती. सगळे हसत असताना म्हशीचं काय झालं ते विचारायचं.

शिकण्याची माझी तऱ्हा तुला ठाऊक होती. ऑनलाइन व्याख्यान सुरू करून मोबाईल बाथरूमच्या खिडकीत ठेवायचा आणि आंघोळ करायची. एकदा कॅमेरा बंद करायचा राहिला, आणि किडनीच्या विकारांवर बोलणाऱ्या त्या प्राध्यापकांनी मध्येच थांबून "डॉक्टर, प्लीज..." म्हटलं, तेही तुला मीच सांगितलं. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडून मागवायची आणि प्रमाणपत्र दवाखान्यात फ्रेम करून लावायचं. औषधकंपन्यांच्या व्याख्यानांना मी न चुकता जायचो, कारण तिथं जेवण असायचं. तू म्हणायचीस, "सावे, तू ज्यांचं पनीर खातोस त्यांचंच औषध लिहितोस." मी म्हणायचो, "खोटं. चिकन असलं तर जास्त लिहितो."

म्हणून तू ती बैठक सुरू केलीस. महिन्यातून एक रविवार, तुझ्या दवाखान्याच्या बाकांवर, फिनेलच्या वासात. कंपनी नाही, जेवण नाही, प्रमाणपत्र नाही. तू स्वतःच्या पैशानं परदेशी नियतकालिकं मागवायचीस आणि त्यातलं एखादं मराठीत वाचून दाखवायचीस. मग प्रत्येकानं स्वतःची एक केस सांगायची. केळव्याच्या घरून तू उकडलेल्या शेंगा आणायचीस, मी बोईसर स्टेशनसमोरचे वडे. जव्हार, मनोर, डहाणूचे डॉक्टर बसने, स्कूटरवर यायचे. मला वाटायचं, माझ्या वड्यांसाठी. नंतर वाटू लागलं, माझ्या गोष्टींसाठी. हे दुसरं मात्र अगदीच चूक नव्हतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

मखमलची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तो रविवार तुला आठवत असणारच.

बोईसरच्या कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याचं ते पर्शियन मांजर. गोचीड दिसली म्हणून घरात उरलेलं कुत्र्याचं गोचिडीचं औषध त्यांनी तिच्या मानेवर टाकलं. ते औषध मांजराला पचत नाही, मांजराला ते विषच. मखमल आली ती पंख्यासारखी थरथरत. मी बादली घेतली, भांड्यांचा साबण घेतला आणि तिला धुवायला बसलो. पुढचं तू इतक्यांदा ऐकलंस की तुला पाठ असेल: मखमल माझ्या बाहीतून वर चढली, मी फेसावर घसरून खुर्चीवर आदळलो, अधिकाऱ्याच्या बायकोनं "अरे, बिल्ली को बचाइए, खुद को बाद में!" असं म्हणत मला खुर्चीच्या पायापासून बाजूला ओढलं, आणि भिजून उंदराएवढी झालेली मखमल माझ्या डोक्यावर बसून थरथरायची थांबली. राऊत तर बाकावरून खाली सरकले होते हसून. "मग? मग?" सगळे विचारत होते.

मग काय, मृणाल? मग मी तिला घरी पाठवलं, आणि सकाळी ती मेली. तुला ते माहीत होतं. कारण सकाळी आकडी आल्यावर ते नवरा-बायको तिला घेऊन माझ्याकडे आले नाहीत, तुझ्याकडे पालघरला आले. मला तुझा फोन आला होता, "तुझ्याकडचं मांजर माझ्याकडे आलं होतं. वाटेतच गेलं रे." मी "हं" म्हटलं होतं.

पण त्या रविवारी सगळी तोंडं अशी माझ्याकडे लागलेली, अर्धी उघडी, पुढच्या हशासाठी तयार. एवढ्या हसऱ्या माणसांसमोर माझ्याच्यानं मांजर मारवेना. मी म्हणालो, "मग काय, दुसऱ्या दिवशी मखमल खिडकीत बसून दूध पितेय आणि मी सर्दीनं आजारी!" टाळ्या पडल्या. तू शेंगा सोलत होतीस. सोलायची थांबलीस. माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा सोलायला लागलीस.

तेव्हाच बोलली असतीस तर? हा प्रश्न मी तुला रागानं विचारलाही, नंतर, कोळगावहून परत येताना. आपण लसीकरण शिबिराच्या परवानगीसाठी जिल्हा कार्यालयात गेलो होतो, उन्हाळा होता, रस्त्याकडेला ताडगोळे घ्यायला गाडी थांबवली होती.

"सावे, तुझ्या गोष्टीतलं मांजर जगतं कसं रे?"

"मग काय मारू? एवढी चांगली गोष्ट आहे."

"मेलंय ते."

"बाई, तिथं दहा माणसं हसायला आलेली असतात."

"शिकायला आलेली असतात. हसायला तू लावतोस."

"मग तूच सांगायचं होतंस तेव्हा! तोंडात शेंगा होत्या काय?"

तू ताडगोळ्याची साल काढत म्हणालीस, "माझ्या तोंडून आलं तर ती चहाडी होईल. तुझ्या तोंडून आलं तर केस होईल." आणि मग हळूच, "तू चुका सांगतोस, सावे. सगळ्यांपेक्षा जास्त सांगतोस. पण तुझ्या चुकीनं कुणाला काही होतच नाही."

मी काय केलं? ताडगोळ्यातलं पाणी शर्टावर सांडून घेतलं. मुद्दाम. तू हसलीस आणि विषय गेला. तुझं ते हसणं मी मिळवलं होतं, असं मला वाटलं. आता वाटतं, चोरलं होतं.

आणि गोष्ट वाढत गेली. बैठकीला नवीन डॉक्टर आला की कुणीतरी म्हणायचं, "सावे, ती साबणाची." दर वेळी मी थोडी घासून-पुसून घ्यायचो. थरथर थांबावी म्हणून मी तिला झोपेचं इंजेक्शनही दिलं होतं ना? ते सांगण्यात मजा नव्हती, म्हणून ते मी एका दमात उरकायचो, आणि साबण, बादली, फेस यांना भरपूर वेळ द्यायचो. पण थरथर साबणानं थांबलीच नव्हती. इंजेक्शनानं थांबली होती. घरी गेल्यावर इंजेक्शन उतरलं आणि विष होतं तिथंच होतं. वर मी कढत पाणी वापरलेलं. कढत पाण्यानं कातडी ते औषध आणखी शोषून घेते, हे तू मला फोनवर सांगितलंस, मांजर मेल्यानंतर. कोमट पाणी, थरथर थांबली तरी दवाखान्यातच ठेवायचं, दोन-तीन दिवस, ताप बघत राहायचं. एवढंच शिकण्यासारखं होतं त्या केसमध्ये. आणि नेमकं तेवढंच माझ्या गोष्टीत नव्हतं.

मग या पावसाळ्यात राऊतांकडे तसंच मांजर आलं.

त्यांनी आंघोळ घातली, इंजेक्शन दिलं, थरथर थांबली, मांजर घरी पाठवलं आणि खूश होऊन तुला फोन केला, "मॅडम, साव्यांची साबणाची युक्ती चालली की हो!" तू त्यांना पुढचं बोलूच दिलं नाहीस. "आत्ता जा आणि मांजर परत आणा." राऊत स्कूटरवर, भर पावसात, त्या घरी गेले. मांजराचा कान पुन्हा थरथरायला लागला होता. दोन दिवस त्यांनी ते स्वतःच्या दवाखान्यात ठेवलं. वाचलं. राऊतांना वाटलं, आपल्या मांजरालाच जास्त औषध लागलं असेल. साव्यांचं तर वाचलं होतं ना दुसऱ्या दिवशी.

तू माझ्याकडे आलीस त्या दिवशी रागावलेली नव्हतीस. रागावली असतीस तर मी काहीतरी केलं असतं, पाय धरले असते, नाक घासलं असतं, तुला हसवलं असतं. तू खुर्चीवर बसलीस, माझी फ्रेम केलेली प्रमाणपत्रं बघितलीस आणि म्हणालीस, "पुढच्या रविवारी तू सांगायचंस. नाहीतर मी सांगेन."

"चहाडी होईल."

"होऊ दे. आता होऊ दे."

मी म्हणालो, बघू. तू म्हणालीस, बघू काय, रविवारी. जाताना दारात थांबलीस. काहीतरी बोलणार होतीस. त्याच वेळी माझा कंपाउंडर बोका पकडता पकडता औषधांच्या फळीवर आदळला, आणि मी ओरडलो, "बघ, हा माझा शिष्य!" तू निघून गेलीस.

तू काय बोलणार होतीस, ते आता कळायचं नाही. माझ्या बाबतीत असंच होतं, मृणाल. मी मोकळी जागा ठेवतच नाही.

रविवार आला. बैठक झाली. तू सुटू दिलं नाहीस मला. तुझ्याच दवाखान्यात शोकसभा ठेवली. तुझ्या नवऱ्यानं दार उघडलं, स्वतः चहा केला, त्यात साखर जास्त पडली आणि सगळ्यांनी तो तसाच प्यायला. एकेकजण उठून बोलू लागला. मॅडमनी हे शिकवलं, मॅडमनी ते वाचून दाखवलं. एका डॉक्टरला तर रडूच कोसळलं. तेव्हा राऊत म्हणाले, "सावे, तुम्ही बोला. त्यांना असं रडत नका निरोप देऊ. ती साबणाची सांगा. मॅडमना फार आवडायची."

तुला आवडायची! तू दर वेळी खाली मान घालून शेंगा सोलायचीस, त्याला ही मंडळी हसू दाबणं समजली होती.

तुझ्या नवऱ्यानंही मान हलवली. सांगा, म्हणाला.

मी उठलो. शपथेवर सांगतो, ठरवून उठलो की खरी गोष्ट सांगायची. पण तोंड उघडलं आणि ती जुनी सुरू झाली. आपोआप. हात वर गेले, बादली आली, फेस आला, मी तुझ्या फरशीवर घसरून दाखवलं. शोकसभेत! आणि हशा आला, मृणाल, ओला हशा, रडून झाल्यावर येतो तसा, सगळ्यात मोठा. आणि मला तो आवडला. तू जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मला माझी गोष्ट रंगल्याचा आनंद होत होता. मी डोक्यावरच्या मखमलपर्यंत आलो. "मग? मग?" झालं.

"मग मी तिला घरी पाठवलं आणि सकाळी ती मेली."

सगळे हसले.

खरंच हसले. त्यांना वाटलं, सावे आज नवीन वळण घेतोय. मी पुन्हा म्हणालो, मेली. आणखी हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि दूध कोण प्यायलं मग, भूत?" मी म्हणालो, दूध कुणीच प्यायलं नाही. दूध मी घातलं होतं. तेही कुणाला कळेना. आयुष्यभर मी त्यांना शिकवलं होतं की मी तोंड उघडलं की हसायचं, आणि मंडळी नेमकं तेवढंच माझ्याकडून शिकली होती. शेवटी मी तुझ्या नवऱ्याकडे बघून म्हणालो, "मृणालला माहीत होतं. मांजर तिच्या टेबलावर आलं होतं." स्वतःच्या नावावर नाही सांगता आलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. तेव्हा हसायचे थांबले.

राऊतांनी कप खाली ठेवला.

"घरी पाठवल्यावर किती वेळानं परत सुरू झालं?"

"माहीत नाही. मी विचारलंच नाही त्यांना."

"ताप बघितला होतात?"

"नाही."

"पाणी कोमट होतं?"

"कढत."

"आन् आमाला सांगितलंत दूध प्यायली." आवाज चढला की राऊतांची गावाकडची बोली बाहेर येते. "मॅडमनी त्या दिवशी फोन नस्ता उचलला तर? मी काय तोंड दाखवनार होतो त्या घरी? सावे, तुमी हसवत व्हता आमाला, का फसवत व्हता?"

मला एक उत्तर सुचलं होतं, यमकही जुळत होतं. बोललो नाही. एवढं एक काम मी त्या दिवशी केलं.

मग एकेकानं विचारायला सुरुवात केली. कुठलं इंजेक्शन, किती, मांजराचं वजन किती, आकडी आली तर पुढं काय द्यायचं. मला अर्ध्याचीही उत्तरं येईनात. एकजण उठला, तुझ्या कपाटातून तुझी नियतकालिकं काढली आणि सगळे त्यावर वाकले. तुझा नवरा पुन्हा चहा करायला गेला. तू हवी होतीस, असं म्हणणार होतो. पण तू असतीस तर तुझ्या धाकानं मी बोललो असतो, आणि तेही कदाचित टाळलं असतं. तू नव्हतीस म्हणून बोललो. म्हणजे मला सरळ करायला तुला मरावं लागलं? असलं काहीतरी मनात येतं आणि मग मला माझीच शिसारी येते. तुझं मरणसुद्धा मी माझ्याच गोष्टीत घालतोय.

राऊत जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आवाजातला संदेश टाकला, जे आले नव्हते त्यांच्यासाठी. माझं नाव नाही, बादली नाही, फेस नाही. मांजर, कुत्र्याचं औषध, कढत पाणी, इंजेक्शन, घरी पाठवलं, सकाळी मेलं. ज्यांनी कुणी ही पद्धत वापरली असेल त्यांनी कळवावं. संपलं. मी तो दवाखान्यात बसून ऐकला. इतकी छोटी होती ती केस.

संध्याकाळी मनोरच्या डॉक्टरचं उत्तर आलं. बैठकीत तुझं सगळं उतरवून घेणारा तो शांत मुलगा, लसीकरण शिबिरामुळं रविवारी येऊ शकला नव्हता. त्यानं लिहिलं, "माझ्याकडे गेल्या वर्षी एक आलं होतं. आंघोळ घालून घरी पाठवलं. परत आणलं नाही त्यांनी. मला वाटलं, बरं झालं असेल."

मला वाटलं, बरं झालं असेल. मृणाल, हे वाक्य माझं आहे. मीच त्याला दिलंय ते.

मी त्याला फोन केला. त्या लोकांचं घर आठवतं का, विचारलं. आठवतं, म्हणाला. सर, पण आता जाऊन काय उपयोग? मला उपयोग माहीत नव्हता. म्हटलं, तरी जाऊ. तो म्हणाला, या, पण बोलायचं तुम्ही.

उद्या सकाळी जाणार आहोत. त्या घरच्या माणसांना एवढंच विचारायचं, तुमचं मांजर घरी आणल्यावर काय झालं? आणि ते जे सांगतील ते संपेपर्यंत ऐकायचं. मध्ये काही सांडायचं नाही, कुठं आपटायचं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतंय का ते बघायचं नाही. जमेल की नाही, सांगता येत नाही. गप्प बसायचा मला अजिबात सराव नाही.

सावे